खानदेशातून खुल्या समुद्रात: लांब पल्ल्याच्या यॉट शर्यतीत उतरायचं कसं

जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्ही जिल्ह्यांना समुद्रकिनारा नाही. आपली तापी सुरतेपलीकडे खंभातच्या आखाताला मिळते, एवढंच काय ते नातं. तरी शिडाच्या बोटींच्या मोठ्या शर्यतींचे व्हिडिओ पाहून इथली पोरं विचारतात की आपल्याला त्यात उतरता येईल का. येईल. त्यासाठी स्वतःची बोट लागत नाही, नौदलात असावं लागत नाही आणि बालपण कोकणात गेलेलं असण्याचीही गरज नाही. लागतात ते समुद्रावर काढलेले मैल, आणि त्यातही रात्रीचे. नवा गडी घेताना कुठलाही स्किपर, म्हणजे बोटीचा कप्तान, धाडसाच्या कहाण्या ऐकत बसत नाही, लॉगबुक म्हणजे समुद्रावरच्या फेऱ्यांची नोंदवही मागतो. हे मैल जमवायला नोकरी-शेती सांभाळून दोन ते तीन वर्षं लागतात, त्या हिशोबानेच पुढचं वाचा.

शर्यत म्हणजे नेमकं काय

समुद्रावरचा मैल १.८५२ किलोमीटरचा. ऑस्ट्रेलियातली सिडनी–होबार्ट शर्यत ६२८ सागरी मैलांची, म्हणजे साधारण ११६३ किलोमीटर. भुसावळहून रेल्वेने दिल्ली गाठावी, जवळजवळ तेवढं अंतर, फक्त इंजिन न वापरता. १९४५ पासून ती दर २६ डिसेंबरला सिडनी बंदरातून सुटते. सर्वांत वेगवान बोटी दीड-दोन दिवसांत पोहोचतात, आपल्यासारखे हौशी लोक ज्या बोटींवर असतात त्यांना तीन-चार दिवस किंवा जास्तही लागतात. फास्टनेट शर्यत १९२५ पासूनची. ती इंग्लंडमधल्या काउझहून निघते, आयर्लंडच्या दक्षिणेचा फास्टनेट खडक वळसा घालून मागे फिरते आणि २०२१ पासून फ्रान्समधल्या शेरबूरला संपते. अंतर सुमारे ६९५ मैल, आणि ती एक वर्षाआड असते. भूमध्य समुद्रातली मिडल सी शर्यत १९६८ पासूनची. माल्टाहून निघायचं, सिसिलीला पूर्ण फेरी मारायची, वाटेत स्ट्रॉम्बोलीचा जिवंत ज्वालामुखी, मग पॅन्टेलेरिया, लॅम्पेडुसा आणि परत माल्टा. सुमारे ६०६ मैल, ऑक्टोबरात.

नव्या माणसाचा गोंधळ होतो तो निकालाशी. पहिली पोहोचलेली बोट जिंकतेच असं नाही. प्रत्येक बोटीला तिच्या लांबी, वजन, शिडांनुसार एक गुणक मिळतो. समजा मोठ्या बोटीचा गुणक १.०५० आणि तिला ८० तास लागले, तर तिचा हिशोबी वेळ ८४ तास. छोट्या बोटीचा गुणक ०.९५० आणि तिला ८६ तास लागले, तर तिचा ८१ तास ४२ मिनिटं. सहा तास उशिरा येऊनही छोटी बोट पुढे. म्हणून जुनी, मध्यम आकाराची, पण नीट सांभाळलेली बोट मिळाली तर नाक मुरडू नका.

पहिली शर्यत कोणती घ्यावी? माझं मत स्पष्ट आहे: मिडल सी. सुरुवात आणि शेवट एकाच गावी, त्यामुळे एकच शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा) व्हिसा पुरतो. ऑक्टोबरात तिथलं पाणी अजून कोमट असतं. वारा कधी पडतो, कधी अंगावर येतो, म्हणजे शिकायला दोन्ही मिळतं. फास्टनेटला ब्रिटनचा आणि फ्रान्ससाठी शेंगेनचा असे दोन व्हिसा लागतात. होबार्टची वाट ऑस्ट्रेलिया आणि टास्मानिया बेटामधल्या बास सामुद्रधुनीवरून जाते. ती सरासरी ६० मीटरच खोल. दक्षिणेकडे वाहणारा प्रवाह आणि दक्षिणेकडून येणारा वारा समोरासमोर आले की तिथे लाटा भिंतीसारख्या उभ्या राहतात. १९९८ साली ११५ बोटी निघाल्या, ४४ पोहोचल्या आणि सहा खलाशी गेले. पहिल्याच खेपेला तिकडे जायचं काही अडलेलं नाही.

पहिलं वर्ष: पोहणं, गाठी आणि लहान होडी

पोहता येत नसेल तर बाकी सगळं बाजूला ठेवा. विहिरीत उड्या मारून शिकलेलं पोहणं चांगलंच, पण कपडे आणि लाइफ जॅकेट घालून पाण्यात तरंगत राहायचा सराव वेगळा, तो तलावात प्रशिक्षकासमोरच करा. तापीवरच्या हतनूरच्या किंवा सारंगखेड्याच्या फुगवट्यात स्वतःची होडी घालायचा मोह होईल. पाटबंधारे खात्याच्या परवानगीशिवाय ते करू नका, आणि बॅरेजच्या दरवाज्यांच्या आसपास तर परवानगी असली तरी नाही.

शिडाची होडी शिकायला मुंबई बरी. पावसाळ्यात तिथला समुद्र बंद, ऑक्टोबर ते मे हंगाम. शुक्रवारी रात्री भुसावळहून गाडीत बसलं की शनिवारी सकाळी मुंबईत, रविवारी रात्री परत. रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ पासूनचा आहे. सभासदत्व नसलं तरी मुंबईत पैसे भरून शिकवणारी केंद्रं आहेत. पावसाळ्यातच शिकायचं असेल तर हैदराबादचा हुसेन सागर, तिथे भर पावसाळ्यात शर्यती होतात. एकट्याने चालवायच्या लहान होडीतच शिका. मोठ्या बोटीवर वाऱ्याची चूक दहा माणसांत वाटली जाते, लहान होडीत ती सरळ तुम्हाला पाण्यात टाकते, आणि वारा कुठून येतोय हे मान, कान, गालाला कळायला लागतं.

गाठी मात्र घरी बसून होतात. बोलाइन, आठाची गाठ, क्लोव्ह हिच, रोलिंग हिच, या चार पुरेत. डोळे मिटून, ओल्या दोरीवर, दहा सेकंदांत. रात्री डेकवर कुणी तुमच्यासाठी टॉर्च धरत नाही, उलट टॉर्च लावला तर सगळ्यांची अंधाराला सरावलेली नजर जाते म्हणून ओरडतात.

विंच, म्हणजे दोरी ओढायचं फिरतं यंत्र, त्याचं काम हातात बसवून घ्या, कारण नव्या माणसाला पहिलं काम हेच मिळतं. शीट म्हणजे शीड ताणायची दोरी. ती विंचच्या ड्रमवर घड्याळाच्या दिशेने गुंडाळायची. सुरुवातीला दोन वेढे, हाताने भराभर ओढायचं, ताण आला की तिसरा, गरज पडली तर चौथा, मग हँडल. सोडताना डाव्या हाताचा तळवा वेढ्यांवर सपाट ठेवून उजव्या हाताने दोरी इंच-इंच सैल करायची. बोटं ड्रमभोवती कधीच वळवायची नाहीत. दोरी एकदम सुटली तर तळवा फार तर सोलतो, पण वेढ्यात अडकलेलं बोट जातं. दोरी विंचकडे येते ती किंचित खालून आली पाहिजे. वरून आली की एक वेढा दुसऱ्यावर चढून बसतो, शीट अडकते आणि अख्खी बोट वळायची थांबते. अशा वेळी ओरडा पडतो तो मनावर घ्यायचा नाही.

दुसरं वर्ष: मैल जमवणं

इथेच बहुतेकांचा धीर सुटतो, कारण यात चकचकीत काही नाही. रीतसर सुरुवात म्हणून ब्रिटिश पद्धतीचा 'कॉम्पिटंट क्रू' हा पाच दिवसांचा निवासी कोर्स करा. पुढे जमलं तर 'डे स्किपर'. हे कोर्स थायलंडपासून स्पेनपर्यंत मिळतात आणि त्यांचं प्रमाणपत्र स्किपर लोकांना ओळखीचं असतं. त्यानंतर डिलिव्हरीच्या फेऱ्या. मालकाची बोट एका बंदरातून दुसऱ्या बंदरात पोहोचवायची असते तेव्हा गडी लागतातच. मुंबई–गोवा अशी फेरी मिळाली तर सुटी टाका. पैसे मिळत नाहीत, बहुधा जेवण मिळतं, पण सलग दोन रात्री मिळतात.

लॉगबुकात प्रत्येक फेरीची तारीख, बोटीचं नाव आणि लांबी, कुठून कुठे, मैल, रात्रीचे तास, जास्तीत जास्त वारा आणि तुमचं काम लिहा. स्किपरची सही तिथल्या तिथे घ्या. मोठ्या शर्यतींच्या नियमांत ठरावीक गड्यांना आधीचा खुल्या समुद्रातला अनुभव असलाच पाहिजे, असं कलम असतं. तुम्ही त्या अनुभवी गटात मोडलात की तुमची किंमत वाढते.

याच वर्षी 'सी सर्व्हायव्हल' कोर्स. जागतिक नौकानयन संस्थेचे खुल्या समुद्रासाठी वेगळे सुरक्षा नियम आहेत, त्यात शर्यतींच्या शून्य ते चार अशा श्रेण्या, शून्य सर्वांत कडक. वरच्या श्रेणीत किमान तीस टक्के गड्यांकडे हे प्रशिक्षण हवंच, आणि अनेक आयोजक त्याहून जास्त मागतात. कोर्समध्ये उलटलेला लाइफ राफ्ट, म्हणजे जीव वाचवायचा फुगीर तराफा, पाण्यात उतरून सरळ करायला लावतात. मर्चंट नेव्हीसाठी मुंबईत होणारा असाच कोर्स स्वस्त आणि जवळचा आहे, पण तो तुमच्या शर्यतीला चालतो का हे आयोजकांकडून आधी लेखी घ्या.

बोटीवर जागा मिळवणं

तीन वाटा. पैसे भरून जागा घेणं, त्यात कंपनी बोट, स्किपर, सराव शर्यती सगळं देते आणि खर्च प्रवास धरून काही लाखांत जातो. क्लिपर नावाची जगप्रदक्षिणा शर्यत याच तत्त्वावर चालते. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी ती १९९६ साली सुरू केली, अनुभव नसलेल्यांनाही चार टप्प्यांचं सक्तीचं प्रशिक्षण देऊन तिच्यात घेतात. (याच नॉक्स-जॉन्स्टनने १९६९ मध्ये एकट्याने न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती 'सुहेली' बोट सागवानाची आणि मुंबईत बांधलेली.) दुसरी वाट, मालकाला थेट पत्र लिहिणं. तिसरी, शर्यतीच्या आठवडाभर आधी बंदरावर जाऊन उभं राहणं. एखादा गडी आजारी पडतोच, पण भुसावळहून सिडनीपर्यंत त्या भरवशावर जाणं हा जुगार आहे.

पत्र एका पानाचं असावं. मैल, रात्रीचे तास, बोटीवर कोणतं काम येतं, कोर्स, आणि वजन. हो, वजन लिहाच. वाऱ्याच्या बाजूच्या कठड्यावर माणसं बसवून बोट सपाट ठेवायची असते, त्यामुळे स्किपर किलोचा हिशोब करतो. बोट लागते का, म्हणजे बोटीवर मळमळतं का, हेही खरं लिहा. आणि 'समुद्राची लहानपणापासून ओढ' वगैरे वाक्यं काढून टाका.

कागद आणि विमा

व्हिसा चार महिने आधी सुरू करा. स्किपरचं आमंत्रणपत्र आणि शर्यतीच्या प्रवेशाची प्रत सोबत जोडा, नाहीतर व्हिसा अधिकाऱ्याला तुम्ही नेमके कशासाठी चाललात हे कळत नाही. नेहमीच्या प्रवास विम्यात खुल्या समुद्रातली शर्यत बहुधा वगळलेली असते. एजंट 'सगळं कव्हर आहे भाऊ' म्हणेल, तरी पॉलिसीतलं ते कलम स्वतः वाचा. निघण्याआधी दात तपासून घ्या. किनाऱ्यापासून शंभर मैलांवर दाढ ठणकली तर इलाज नाही.

घरच्यांची परवानगीही याच यादीत धरा. आमच्याकडे आजीचा एकच प्रश्न होता, "कसाले जास रे भाऊ तठे?" त्याला चांगलं उत्तर अजून सुचलेलं नाही. पण बोटीची जागा नकाशावर दाखवणारी ट्रॅकर सेवा बहुतेक शर्यतींत असते, ती घरच्या मोबाइलवर लावून द्या. ठिपका थांबलेला दिसला म्हणजे बोट बुडाली असं नाही, वारा पडलाय, हेही आधीच सांगून ठेवा.

जीव सांभाळण्याचं सामान

लाइफ जॅकेट स्वतःचं असावं आणि स्वतः तपासलेलं असावं. आतली गॅसची छोटी बाटली हाताने फिरवून घट्ट आहे का पाहा, ती हादऱ्यांनी सैल होते. मांड्यांमधून जाणारा पट्टा बांधाच. तो नसेल तर फुगलेलं जॅकेट वर सरकून तोंडावर येतं आणि माणूस खालून निसटतो. त्यावर दिवा हवा आणि जवळच्या बोटींना तुमची जागा कळवणारा छोटा एआयएस बीकन हवा. रात्री लाटांमध्ये माणसाचं डोकं दिसत नाही.

टेदर म्हणजे तुम्हाला बोटीशी जोडणारा पट्टा. डेकवर पुढून मागे ताणलेल्या जॅकस्टे पट्ट्यांना त्याचा हूक अडकवायचा. नियम सोपा: केबिनच्या दारातून वर येताना आधी हूक, मग पाय. खाली जाताना पाय आत गेल्यावरच हूक सोडायचा. हवा चांगली असतानाही. उभं राहून कठड्यावरून लघवी करायची नाही, पुरुषांनी हे खास लक्षात ठेवावं. खाली हेडमध्ये, म्हणजे बोटीवरच्या संडासात, जा आणि तिथेही बसूनच.

बूम म्हणजे मुख्य शिडाच्या खालच्या कडेची आडवी दांडी, तिला सगळ्यांनी घाबरावं. २०२४ च्या सिडनी–होबार्टमध्ये पहिल्याच रात्री दोन वेगवेगळ्या बोटींवर बूम आणि तिच्या दोरीच्या तडाख्यात दोन खलाशी गेले. वारा मागून असताना बोट जराशी भरकटली की बूम एका बाजूहून दुसऱ्या बाजूला तलवारीगत फिरते. तिला पुढे बांधून ठेवणारी प्रिव्हेंटर दोरी लावली आहे का, हे वर येताच पाहा. आणि मेनशीटच्या, म्हणजे बूम ताणून धरणाऱ्या दोरीच्या, टप्प्यात रेंगाळू नका, मग स्किपर कितीही निवांत बसलेला दिसो.

पाळ्या, झोप, थंडी, पोट

शर्यत चालू झाली की दिवस-रात्र हा भेद संपतो. चार तास वर, चार तास खाली, किंवा रात्री तीन-तीन तासांच्या पाळ्या. भुसावळला रेल्वेच्या रनिंग स्टाफच्या (गाड्यांवर ड्यूटी करणाऱ्यांच्या) घरात वाढलेल्यांना हे लगेच कळेल: ड्यूटीची हाक आली की उठायचं, मधल्या वेळात मिळेल तशी झोप काढायची. उतरल्यावर गप्पा नाहीत, मोबाइल नाही. ओले कपडे उतरवायचे, एका ठरलेल्या जागी टांगायचे, काहीतरी खायचं, वाऱ्याच्या बाजूच्या बंकवर आडवं व्हायचं. पुढच्या पाळीला वीस मिनिटं आधी उठायचं, कारण हेलकावणाऱ्या बोटीत जाड पँट चढवायलाच दहा मिनिटं जातात. पाळीवर दोन मिनिटं उशिरा येणाऱ्यावर बोटीवर जेवढा राग असतो तेवढा चुकीचं शीड काढणाऱ्यावर नसतो. रात्री बोट चालवायला मिळाली तर काट्याकडे टक लावू नका. पुढचा एखादा तारा डोलकाठीच्या दोरीशी जुळवून घ्या, तो सरकला की नवा घ्या.

पंचेचाळीस अंशांत राहणाऱ्या माणसाला थंडीचा अंदाज नसतो. ओलं अंग आणि वारा, एवढ्यावर वीस अंशांतही दात वाजतात. सुती काहीही अंगाला लावायचं नाही, बनियनसुद्धा. आत लोकरी किंवा सिंथेटिक थर, वर फ्लीस, वर पूर्ण ऑइलस्किन म्हणजे पाणी न शिरणारा पोशाख. दोन टोप्या, मोज्यांचे जोड प्लास्टिकच्या पिशवीत. बॅग छोटी आणि मऊ असावी. सुटकेस घेऊन आलेल्याची थट्टा शर्यत संपेपर्यंत चालते.

बोट लागणं हा स्वभावदोष नव्हे. डॉक्टरांना विचारून गोळी ठरवा, घरी सुटीच्या दिवशी घेऊन पाहा, काही गोळ्यांनी दिवसभर झोप येते. समुद्रावर गोळी मळमळ सुरू होण्याआधी, निघण्याच्या आदल्या रात्रीपासून. मळमळ वाटली तर खाली जाऊ नका. वर बसा, क्षितिजाकडे पाहा, सुकाणू मागून घ्या. ओकायचं तर वारा जिकडून येतो त्याच्या पलीकडच्या बाजूला, हूक अडकवून. पाण्याचे घोट सुरू ठेवा.

जेवण म्हणजे गरम पाणी ओतून फुगवायची पाकिटं. दुसऱ्या दिवशी जिभेला काहीतरी खमंग हवंच असतं. शेंगदाण्याची कोरडी चटणी आणि चिक्की ही दोन्ही टिकतात, दशम्या पहिल्या दोन दिवसांपुरत्या. मात्र ऑस्ट्रेलियात उतरताना खाण्याची प्रत्येक वस्तू अर्जावर जाहीर करावीच लागते, लपवली तर दंड. आणि केळी नकोत. पाश्चात्त्य खलाशांत बोटीवर केळं म्हणजे अपशकुन अशी जुनी समजूत आहे, काही स्किपर खरोखर ती पाण्यात फेकतात. रावेर-यावलच्या माणसाला हे पचायला जड जाईल, पण वेफर्ससुद्धा घरीच ठेवा.

वारा वाचणं आणि माघार घेणं

हवामानाचा अंदाज सगळ्यांना खुला असतो, तो वापरता येतो. पण किनाऱ्यावरच्या जाणकार मित्राने फक्त तुम्हाला फोनवर दिलेला सल्ला ही बाहेरची मदत, आणि ती नियमाबाहेर. तुम्ही नॅव्हिगेटर (बोटीची वाट ठरवणारा) नसलात तरी पुढच्या बारा तासांत वारा कुठून वळणार हे पाळी बदलताना विचारून ठेवा. शीड लहान करायचं का, असा प्रश्न मनात आला म्हणजे ती वेळ आलेली असते, आणि उजेडात ते काम वीस मिनिटांचं, अंधारात तासाचं.

उलटही होतं. फास्टनेटच्या वाटेवर इंग्लिश खाडीत वारा पडतो आणि भरती-ओहोटीचा उलटा प्रवाह बोटीला मागे नेतो. तेव्हा हुशार बोटी चक्क नांगर टाकतात. सहा तास एका जागी उभं राहायचं आणि न थांबलेले प्रतिस्पर्धी मागे वाहत जाताना पाहायचं. होबार्टलाही अशीच गंमत शेवटी: सगळं वादळ पार करून आलेली बोट डर्वेंट नदीच्या तोंडाशी रात्री वारा पडल्यामुळे तासन्‌तास अडकते.

होबार्टच्या वाटेवर ग्रीन केपपाशी प्रत्येक बोटीला रेडिओवरून कळवावं लागतं की बोट आणि गडी बास सामुद्रधुनीत शिरायला लायक आहेत. १९९८ नंतर ही सक्ती आली. त्या क्षणी एखादा गडी तापाने पडलेला असेल किंवा डोलकाठीच्या दोरीची एक तार तुटलेली असेल तर ती सांगायची जबाबदारी पाहणाऱ्याची आहे, मग तो बोटीवर सर्वांत नवा का असेना. माघार घेतलेल्या बोटीचे मैलसुद्धा लॉगबुकात चढतात.

पोहोचल्यावर मेजवान्या असतात, पण त्याआधी बोट धुणं, शिडं वाळवून घड्या घालणं, खालचं पाणी उपसणं हे काम असतं. ते संपेपर्यंत थांबा आणि मगच लॉगबुक स्किपरपुढे धरा. मुक्कामी बंदरातून बोट परत मूळ गावी न्यायला दोन-तीन गडी कमी पडतच असतात. परतीच्या तिकिटाची तारीख बदलता येण्यासारखी ठेवली असेल, तर त्या फेरीला हो म्हणा.